सूट कुणाला, शिक्षा कुणाला? वैद्यकीय परवान्याच्या शंभर वर्षांचा हिशेब

कासू हे पेण आणि नागोठणे यांच्या मधले गाव. मुंबई-गोवा महामार्ग आणि पेण-रोहा रेल्वे, दोन्ही या गावाच्या अंगावरून जातात. या पट्ट्यात आगरी-कुणब्यांची गावे आहेत, बौद्धवाडे आहेत आणि डोंगराच्या कडेला कातकरी वाड्या आहेत. रात्री बाळंतपण अडले, पोर तापाने फणफणले, तर इथला माणूस आधी कुणाकडे जातो? आशाताईकडे. नाक्यावर दवाखाना टाकून बसलेल्या बीएचएमएस किंवा बीएएमएस डॉक्टरकडे. वाडीतली असेल तर जाणत्या सुईणीकडे. त्यापुढे पेणचे उपजिल्हा रुग्णालय, मग अलिबाग, आणि पैशाची सोय झाली तर पनवेलचे खाजगी हॉस्पिटल.

या साखळीतल्या एकेकाचे कायद्याशी काय नाते आहे ते तपासून बघा. आशाताई ताप-जुलाबाची औषधे देते ती औषध कायद्यातल्या एका सवलतीमुळे. होमिओपॅथीचा डॉक्टर ॲलोपॅथीची गोळी लिहितो ती २०१४ च्या एका दुरुस्तीच्या आधारे. सरकारी रुग्णालय शुश्रूषागृह नोंदणीच्या कायद्यातून संपूर्ण मोकळे आहे. आणि सुईण कुठल्याच कायद्यात धड आतही नाही, धड बाहेरही नाही. म्हणजे गरिबाच्या वाट्याला येणारी जवळजवळ सगळी आरोग्यसेवा 'सूट' या एका शब्दावर उभी आहे.

ही सूट कुणी दिली, कुणाला दिली, आणि तिची किंमत कोण मोजतो, हे आम्ही या लेखात मांडणार आहोत. परवाना, नोंदणी, कलम, अनुसूची हे शब्द रुक्ष वाटतात म्हणून आपली चळवळ त्यांच्याकडे वळत नाही. पण ज्या समाजाने हजारो वर्षे दुसऱ्याने लिहिलेले नियम सोसले, त्याने नियमांतल्या अपवादांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

दवाखान्याचे दार

हिंदुस्थानात प्रांतिक पातळीवर डॉक्टरांची नोंदवही पहिल्यांदा उघडली ती मुंबई इलाख्यात. हा १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी किंवा पदविका असलेल्याचे नाव या नोंदवहीत चढे. नोंद नसलेल्याला व्यवसाय करायला बंदी नव्हती. फक्त त्याने दिलेला दाखला कायद्यात ग्राह्य नव्हता आणि सरकारी वैद्यकीय जागा त्याला मिळत नव्हती. म्हणजे परवान्याचा जन्म झाला तो रोग्याच्या रक्षणापेक्षा डॉक्टरांच्या दर्जाची हद्द आखण्यासाठी. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होते. पण ज्यांना शाळेच्या ओट्यावर बसू दिले जात नव्हते, त्यांच्यातून त्या नोंदवहीत कितीशी नावे चढणार होती?

प्रश्न नुसता डॉक्टर होण्याचा नव्हता, रोगी होण्याचाही होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव मंजूर झाला. आपण तो चवदार तळ्याच्या संदर्भात वाचतो, म्हणून पाणवठे आणि विहिरी एवढेच लक्षात ठेवतो. त्या ठरावात सार्वजनिक शाळा, कोर्ट, कचेऱ्या यांच्याबरोबर दवाखानेही होते. सरकारी पैशाने चाललेला दवाखाना अस्पृश्यांसाठी खुला करा, असे कौन्सिलाला ठरावाने सांगावे लागले, यातच सारे आले. याच ठरावाच्या बळावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. कासूही त्याच जिल्ह्यात, ज्याला आज आपण रायगड म्हणतो.

दोनच वर्षांनी, १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले. बाबासाहेबांनी ते पुढे आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात घेतले. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या नगरशेठची रदबदली आणि फीची हमी मिळाल्यावर तो आला, पण बाईला हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला. परतही तो याच वाटेने आला. पुन्हा येऊन तपासायला डॉक्टरने नकार दिला आणि बाई गेली.

मित्रांनो, हा माणूस डॉक्टर होता, भोंदू नव्हता. ज्ञान, थर्मामीटर, फी, सगळे जागेवर होते. नव्हता तो स्पर्श. म्हणून परवान्याची बाजू घेताना आपण एक गोष्ट कायम ध्यानात ठेवली पाहिजे. परवाना शिक्षणाची खात्री देतो. डॉक्टर कुणाच्या दारात जाईल, याची खात्री तो देत नाही.

अनुभवाला मान, पण कुणाच्या?

१९३८ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ असताना वैद्य आणि हकीम यांच्यासाठी कायदा झाला. आयुर्वेद-युनानी व्यावसायिकांची नोंदणी करणारा हा देशातला पहिला महत्त्वाचा कायदा मानला जातो. त्यात एक अडचण होती. बहुतेक वैद्यांकडे पदवी नव्हती. बापाकडून, गुरूकडून विद्या घेतलेली. मग कायद्याने काय केले? वर्षानुवर्षे व्यवसाय करत असल्याचे सिद्ध करा आणि नोंदणी घ्या, अशी वाट काढली. अनुभव हीच पदवी मानली गेली.

पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेनेही हेच केले. १९७० च्या भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद कायद्याचे कलम १७ बिगरनोंदणी व्यवसायाला एक वर्षापर्यंत कैद सांगत होते, आणि त्याच कलमात सूटही देत होते. ज्या राज्यात नोंदवहीच नाही, तिथे पाच वर्षे व्यवसाय केलेल्याने तो पुढे चालू ठेवावा.

या सवलतीला आमचा तत्त्वतः विरोध नाही. नवा नियम आणताना जुन्या माणसाला वाट द्यावी लागते. आमचा प्रश्न वेगळा आहे. अनुभवाला पदवी मानायचे ठरले, तर कुणाचा अनुभव मोजला गेला? ज्या विद्येला संस्कृत ग्रंथ होते, ज्यांच्या पाठीशी परिषदा, संमेलने आणि आमदार होते, तिचा. गावोगाव बाळंतपणे करणाऱ्या सुईणीचा अनुभव 'वैद्यक' या व्याख्येत बसला नाही. हाड बसवणाऱ्याचा नाही, पाल ठोकून जडीबुटी विकणाऱ्या वैदूचाही नाही.

याचे मूळ जातीत आहे. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे कपडे धुणे ही कामे विटाळाची. म्हणून ती अनेक ठिकाणी महार-मांग बायांच्या अंगावर टाकली गेली. वर्णव्यवस्थेला शरीराला स्पर्श करणारे काम मुळातच खुपत होते. बाबासाहेबांनी महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी जिचे दहन केले, त्या मनुस्मृतीने वैद्यालाही श्राद्धाच्या पंगतीतून वर्ज्य केले होते आणि त्याचे अन्न निषिद्ध ठरवले होते. बौद्ध परंपरेत मात्र जीवक हा वैद्य आदराचा, आणि आजारी भिक्खूची शुश्रूषा खुद्द तथागतांनी आपल्या हातांनी केलेली. पुढे ग्रंथवाल्या वैद्याने विटाळातून सुटका करून घेतली, नोंदणी घेतली, पाटी लावली. सुईण मात्र विटाळातच राहिली. मोबदला म्हणून लुगडे, धान्य, चार आणे. तिच्या कामाला कायद्याने कधी व्यवसाय म्हटले नाही. म्हणूनच ती घरात बसून मुकाट्याने मागे पडली, तेव्हा कुणाला तिची आठवणही झाली नाही.

छप्पन्न वर्षे खेडे बाहेर

आता माणसांकडून इमारतींकडे येऊ. १९४९ साली मुंबई राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा केला. खाजगी नर्सिंग होमने नोंदणी करावी, जागा, नर्स, साधने यांची तपासणी व्हावी, असा तो कायदा. कागदावर चांगलाच. पण प्रत्यक्षात तो मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर अशा मोजक्या शहरांपलीकडे गेला नाही. २००५ च्या दुरुस्तीने तो सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. म्हणजे छप्पन्न वर्षे पेण, रोहा, महाडला कुणीही चार खाटा टाकून हॉस्पिटल उघडावे, त्याला विचारणारे कुणी नाही. याला कुणी सूट म्हटले नाही. हद्द आखताना खेडे बाहेर ठेवले की सूट आपोआप मिळते, तिची अधिसूचना काढावी लागत नाही.

१९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमात तर ही गोष्ट शब्दांत लिहिली गेली. कलम ३३ सांगते की नोंदणी नसलेल्याने राज्यात कुठल्याही पद्धतीचा वैद्यक व्यवसाय करू नये. लगेच खाली परंतुक आहे. राज्य सरकार अधिसूचना काढून एखाद्या वर्गाला किंवा एखाद्या भागाला या बंदीतून वगळू शकते. 'भागाला' हा शब्द पुन्हा वाचा. बिगरनोंदणी माणसाने उपचार केले तरी चालेल, असे राज्याचे काही भाग असू शकतात, हे कायद्याने गृहीत धरले आहे. तो भाग मलबार हिल किंवा डेक्कन जिमखाना असणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

औषध विक्रीतही हाच न्याय. १९४५ च्या औषध नियमांची अनुसूची 'के' ही सवलतींची यादी आहे. एक हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या आणि औषधाचे दुकान नसलेल्या गावात डोकेदुखीच्या गोळ्या, मलम, पट्टी अशी घरगुती औषधे किराणा दुकानदारही विनापरवाना विकू शकतो. गावात दुकानच नाही तर निदान गोळी तरी मिळो, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण अशी सूट नियमात आली की दुकान, फार्मासिस्ट, दवाखाना आणण्याची घाई सरकारला उरत नाही. तात्पुरती म्हणून दिलेली सूट पिढ्यान् पिढ्या चालू राहते.

कार्यकर्ता, स्वयंसेवक, मार्गदर्शक, आशा

याच अनुसूचीत आणखी एक नोंद आहे. सरकारी कार्यक्रमाखाली बहुउद्देशीय कर्मचारी, नर्स, अंगणवाडी सेविका आणि ग्रामीण आरोग्य योजनेतले सामुदायिक आरोग्य स्वयंसेवक यांनी दिलेल्या औषधांना विक्री परवाना लागत नाही. यातल्या 'स्वयंसेवक' या शब्दाला एक इतिहास आहे.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. पुढे 'कार्यकर्ता' हे नाव बदलून 'स्वयंसेवक' झाले, आणि १९८१ मध्ये 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक'. काम तेच, माणूस तोच, नाव मात्र दोनदा बदलले. कार्यकर्ता म्हटले की तो पगार मागतो, नोकरीत कायम करा म्हणतो. स्वयंसेवक म्हटले की त्याच्या तोंडावर हात ठेवता येतो. परवान्यातून सूट देणारा आणि किमान वेतनातून सुटणारा, दोघे एकच. तो म्हणजे सरकार!

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. पुन्हा हजार वस्तीमागे एक, पुन्हा 'मानसेवी स्वयंसेविका'. महाराष्ट्रात आज अशा आशाताई सत्तर हजारांच्या आसपास आहेत. त्यांत आपल्या बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या समाजाच्या किती भगिनी आहेत, हे तुम्ही आपापल्या गावात बघालच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण २०२४ च्या सुरुवातीला याच बायांना आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले, तेव्हा कुठे राज्याने मानधनात ५,००० रुपयांची वाढ मान्य केली.

सूट जीव वाचवू शकते, पण अटींवर

इथे कुणी म्हणेल, मग सगळ्या सवलती रद्दच करा. तसे आम्ही म्हणत नाही, आणि त्याला पुरावा महाराष्ट्रातच आहे.

जामखेडला १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्याकडून गाव औषध घेऊ लागले, बाळंतपण करून घेऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यायचे तेही शिकवले. हे काम फक्त डॉक्टरनेच करायचे, असा तोवरचा समज होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले.

या दोन्ही ठिकाणी बायांकडे पदवी नव्हती. पण चार गोष्टी होत्या. सततचे प्रशिक्षण, वरून देखरेख, वेळेवर औषध आणि अडचणीत पाठीशी उभे राहणारा डॉक्टर. सरकारने २०११ मध्ये हा धडा आशांच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर नेला. एका बाळामागे सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. काम उचलले, पण पाठीशी उभी राहणारी व्यवस्था तेवढ्या ताकदीने आली नाही. आमची कसोटी इथून येते. सूट देताना प्रशिक्षण, देखरेख, मोबदला आणि जबाबदारी दिली असेल, तर ती सेवा. यांतले काहीच न देता दिलेली सूट म्हणजे गरिबाला वाऱ्यावर सोडणे.

हीच कसोटी होमिओपॅथीच्या वादाला लावा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका खटल्यात ठरवले की होमिओपॅथीची पदवी असलेल्याने ॲलोपॅथीचे औषध देणे हाच निष्काळजीपणा आहे. १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले की राज्याच्या कायद्याने तसा अधिकार दिला असेल तरच इतर पद्धतीच्या डॉक्टरला ॲलोपॅथी वापरता येईल. महाराष्ट्राने २०१४ मध्ये तसा कायदा केला. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथला मर्यादित ॲलोपॅथीची मुभा मिळाली. इंडियन मेडिकल असोसिएशन कोर्टात गेली. २०२५ मध्ये या डॉक्टरांच्या नोंदणीवरून पुन्हा संप-मोर्चे झाले.

दोन्ही बाजू ग्रामीण रोग्याच्या नावाने बोलतात. एक म्हणते, खेड्यात एमबीबीएस जात नाही, म्हणून आम्हाला मुभा द्या. दुसरी म्हणते, खेड्यातल्या जिवाशी खेळ नको. पण हेच बीएचएमएस-बीएएमएस डॉक्टर मुंबई-पुण्याच्या बड्या खाजगी हॉस्पिटलांत कमी पगारावर रात्रपाळी करतात, तेव्हा यांपैकी कुणालाही त्रास होत नाही. आपल्या बहुजन घरांतली कितीतरी पोरे-पोरी खाजगी एमबीबीएसची फी परवडत नाही म्हणून या अभ्यासक्रमांकडे वळली आहेत. त्यांना 'बोगस' म्हणून हिणवणाऱ्यांत आम्ही सामील होणार नाही. पण कासूच्या रोग्याला एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि पनवेलच्या रोग्याला एमडी, ही वाटणीही आम्ही मान्य करणार नाही.

खेड्यात पात्र डॉक्टर टिकत नाही, हे तरी खरे आहे का? याच रायगडात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात विंचूदंशाने पोरे मरत होती. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून निरीक्षणे नोंदली, प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले. गंभीर विंचूदंशातले मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. सरकारी जागा, नेमलेला डॉक्टर, औषध आणि काम करण्याची मोकळीक एवढ्यावर हे झाले.

सरकारची स्वतःला सूट

सगळ्यात मोठी सूट मात्र सरकारने स्वतःला दिली आहे. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रुग्णालयांना लागू नाही. केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात सरकारी रुग्णालयेही येतात, फक्त सैन्यदलाची वगळली आहेत. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेलाच नाही.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याच महिन्यात राज्याने शुश्रूषागृहांचे नवे नियम जाहीर केले. रुग्ण हक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, तक्रारीची सोय ठेवा, बिलासाठी मृतदेह अडवू नका, असे चांगले नियम. पण ते खाजगीसाठी. आगीपासून बचावाचा कायदा वेगळा आहे आणि तो सरकारी इमारतींनाही बांधतो, हे खरे. तरीही ठराविक मुदतीने नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यानिमित्ताने दारात येणारी तपासणी हा जो धाक खाजगी नर्सिंग होमला असतो, तो ज्या रुग्णालयात गरीब जातो तिथे नाही.

संविधानाने हा विषय दोन जागी ठेवला आहे. वैद्यक व्यवसाय समवर्ती सूचीत, आणि सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये, दवाखाने राज्य सूचीत. दिल्लीने मुंबईकडे बोट दाखवायचे आणि मुंबईने दिल्लीकडे, हा खेळ म्हणूनच चालतो. पण रुग्णालये राज्य सूचीत आहेत, म्हणजे जाब मुंबईलाच द्यावा लागेल.

आता काय करायचे?

तालुक्यातल्या नोंदणीकृत शुश्रूषागृहांची यादी आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. खाजगी हॉस्पिटलात हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसते का ते पाहा, नसेल तर लेखी तक्रार करा. सरकारी रुग्णालयांनाही किमान मानके आणि स्वतंत्र तपासणी लागू करा, ही मागणी आपल्या आमदारापुढे ठेवा. आशाताईंच्या आंदोलनात शाखेचा निळा झेंडा घेऊन जा आणि 'स्वयंसेविका' हा शब्द काढून 'कर्मचारी' लिहा, असे ठणकावून सांगा. आणि वाडीत अजून हयात असलेल्या सुईणींचे अनुभव त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवा. सरकारच्या नोंदवहीने त्यांना जागा दिली नाही, आपल्या नोंदवहीत तरी त्यांची नावे असली पाहिजेत.

१९२३ च्या ठरावातला पाणवठा महाडच्या सत्याग्रहाने खुला केला. त्याच ठरावातला दवाखाना अजून पुरता खुला व्हायचा आहे. ते काम आपल्या पिढीकडे आहे.

जय भीम!